पान एकशे सतराचं शुद्धिपत्र

४ जानेवारी

ही डायरी कंपनीची. कातडी बांधणी, सोनेरी कडा, आणि रोजच्या पानाच्या तळाला थोरल्या साहेबांचं एक सुवचन. आजचं सुवचन: 'चूक हीच माणसाची खरी शिक्षिका.' चौतीस वर्षं शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेल्या माणसानं हे वाचून काय समजायचं? म्हणजे आम्ही वर्गात काय माशा मारत होतो?

पण रुसायचं नाही, असं ठरवलंय. कारण आजपासून मी थोरल्या साहेबांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथाचा लेखक आहे. सहाव्या मजल्यावर बोलावलं होतं. जनसंपर्काच्या बाईंनी स्वतः खुर्ची पुढे केली. वय तिशीचं, चष्मा कायम डोक्यावर. तो डोळ्यांवर कधी येतो कोण जाणे. त्यांनी एक कागद दिला. त्यावर एकेचाळीस विशेषणं. दूरदर्शी, करारी, काटकसरी, मितभाषी, उदार वगैरे.

"सर, प्रसंग तुम्ही निवडा. विशेषणं मात्र यातलीच. मंजूर झालेली आहेत."

यादीत 'दूरदर्शी'ला पहिला उकार दिला होता. मी तिथल्या तिथे दुसरा करून दिला. बाई म्हणाल्या, "म्हणूनच तुम्हाला घेतलं, सर." शाळेत मुलं मला 'अनुस्वार' म्हणायची. त्यांना वाटायचं ते टोपणनाव आहे. मी ती पदवी समजतो.

घरी येऊन हिला सांगितलं. माझं सगळं लिखाण कॉम्प्युटरवर ही टाइप करते. मी त्या यंत्राला हात लावत नाही. त्याला आपण होऊन शब्द सुचतात, आणि तेही चुकीचे.

"ताईंना सांगितलंत?" हिनं विचारलं.

"सांगेन की. घाई काय आहे?"

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. भाऊजी याच कंपनीत बॉयलरवर होते, तेवीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी बॉयलरची झडप अडकली, वाफ कोंडली, स्फोट झाला आणि ते गेले. चौकशी झाली, 'कामगाराचा निष्काळजीपणा' असा निष्कर्ष निघाला आणि प्रकरण मिटलं. दुःख आहेच. पण दुःख वेगळं आणि काम वेगळं, हे माणसाला कळलं पाहिजे. हिनं चहा आणून दिला, त्यात साखरच नव्हती. विसरते हल्ली. वय झालं.

११ जानेवारी

गौरव समितीची पहिली बैठक. अध्यक्ष आमचे कामगार पुढारी. वीस वर्षांपूर्वी, सात महिन्यांच्या संपात, कारखान्याच्या गेटवर थोरल्या साहेबांचा पुतळा जाळला तो यांनीच. आता गेटवर साहेबांचा पुतळा उभारा, ही सूचनाही यांचीच. "तेव्हाचा गवताचा होता," म्हणाले, "आता धातूचा करू." प्रगती प्रगती म्हणतात ती हीच असावी.

मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखा? त्या संपातली गाजलेली घोषणा माझी. 'पोषण सांगतो, शोषण करतो!' यमक अजूनही खणखणीत वाजतं. भाऊजींनी ती कारखान्याच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवली. सकाळी बघायला गेलो तर काय, 'शोशण'! दोन्ही श शहामृगातले.

"भाऊजी, दुसरा पोटफोड्या ष पाहिजे. जग हसेल आपल्याला."

"अरे, उजाडलंय आता. चौकीदार जागे झालेत."

"चूक ती चूक."

गेले बिचारे. पुन्हा शिडी लावली, अक्षर पुसलं, पोटफोड्या काढला, आणि उतरताना सापडले. चौकीदारांनी पाठ सोलून काढली. आठ दिवस पालथे पडून होते. "याचा ष पोट फोडणारा म्हणे! माझी तर पाठच फोडली त्यानं," असं ते पुढे वर्षानुवर्षं सांगायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो. ताई तेवढ्यात चहा टाकायला आत जायची. तिला विनोदाचं अंग कमीच.

त्या भिंतीवर आता फुलपाखरं काढली आहेत.

२० जानेवारी

ताई आली. शेवटी बातमी लागलीच. हातात कापडी पिशवी.

"तू साहेबांचं पुस्तक लिहितोयस म्हणे."

"कोण म्हणालं?"

"कोण नाही म्हणालं? घाबरू नकोस, भांडायला नाही आले मी." ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. "त्यात कामावर असताना गेलेल्यांची यादी येणार आहे ना? वेगळं पान असतं म्हणे."

"कंपनीनं अकरा नावं दिलीत."

"त्यात यांचं नाव घाल."

मी तिला कंपनीचा कागद दाखवला. यादीखाली तळटीप आहे: 'कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे ओढवलेले अपघात या यादीत धरलेले नाहीत.' ताईनं ती बोट ठेवून वाचली.

"हे बघ, साहेबांना शिव्या घाल असं मी म्हणत नाही. तुला ओव्या गायच्या असतील तर गा, तुझं तू बघ. पण तेवीस वर्षं जो माणूस त्या भट्टीपुढं उभा राहिला, तो निष्काळजी होता हे माझ्या घशाखाली उतरत नाही रे. बाकी काही नको. फक्त नाव लिही."

"बघतो," मी म्हणालो.

मास्तरांचं 'बघतो' म्हणजे 'नाही', हे चौतीस वर्षांत एकूण एक पालकाला कळत आलं. ताईला कळलं नसावं. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली, आणि पिशवीतली वही ठेवून गेली.

वही भाऊजींची, बॉयलरवरच्या कामाच्या नोंदींची. शेवटच्या महिन्यात तीन वेगवेगळ्या तारखांना एकच नोंद: 'झडप आडकते. वर कळीवले.' तिन्ही वेळा 'आडकते'! आणि 'कळीवले' ही काय भानगड? लाल पेन हाताशी होतंच. तिन्ही जागी दुरुस्त करून ठेवलं.

हिला दाखवलं. म्हटलं, "बघ, तीन वेळा तेच. काही फरक पडला का?"

"हो ना," ही म्हणाली. "तीन वेळा सांगूनही." आणि वही उचलून आपल्या कपाटात ठेवून आली. बरं केलं, टेबलावर पसारा होतो.

९ फेब्रुवारी

आज थोरल्या साहेबांची मुलाखत. प्रत्यक्ष! एवढी मोठी खोली, आणि तिच्या टोकाला एवढासा माणूस. ऐकू कमी येतं. बिस्कीट चहात बुडवलं, ते अर्धं तुटून कपात पडलं, तर चमच्यानं शोधत बसले. निम्म्या लोकांच्या मते हा देव आहे, निम्म्यांच्या मते राक्षस. बिस्किटापुढे मात्र माझ्याइतकाच हतबल.

मी संपाचा विषय टाळत होतो. त्यांनीच काढला.

"त्या भिंतीवर कुणीतरी लिहिलं होतं. माझ्या खोलीच्या खिडकीतून दिसायचं. सकाळी एक माणूस शिडी घेऊन परत आला. मला वाटलं, आणखी काही शिव्या लिहितोय. तर त्यानं एकच अक्षर पुसलं आणि पुन्हा काढलं. चौकीदार धावत होते. मी म्हटलं, थांबा, अक्षर पुरं होऊ द्या. मग धरा."

"मग?"

"मग धरलं," साहेब म्हणाले. चमच्यावर बिस्कीट सापडलं होतं. "नंतर कळलं, आपल्याच कामावरचा आहे. सगळे म्हणाले, काढून टाका. मी म्हटलं, राहू द्या. मला शिव्या देताना जो इतकी काळजी घेतो, तो माझ्या यंत्राची किती घेईल! नाव काय होतं हो त्याचं?"

"आठवत नाही," मी म्हणालो.

का म्हणालो कोण जाणे. खोली मोठी होती, बाई शेजारीच बसल्या होत्या, आणि नाव सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. मुलाखतीला वेळ वीसच मिनिटं दिली होती.

प्रसंग फर्मास आहे. 'उदार' या विशेषणाखाली घातला. पाठ सोलल्याचा भाग गाळला. विषयांतर होतं.

२७ फेब्रुवारी

झरझर लिहितोय. दोनशे पानं हातावेगळी. 'काटकसरी' नऊ वेळा आलं, 'करारी' चौदा वेळा. साहेबांच्या बालपणी तर 'दूरदर्शी' इतकं घातलंय की हे बाळ पाळण्यातूनच कारखान्याची जागा बघत होतं असं वाटावं.

ताईचे दोन फोन आले. दोन्ही वेळा अंघोळीला गेलो होतो. ही म्हणते, अंघोळीलाच असाल असं ताईंनाही वाटलंच होतं.

१४ मार्च

घोटाळा झाला. नदीला परवा काळा फेस आला आणि काल मासे पोट वर करून तरंगले. कारखान्याचं पाणी, दुसरं काय. ज्या वर्तमानपत्रानं जानेवारीत 'उद्योगमहर्षी' अशी पुरवणी काढली, त्यानंच आज पहिल्या पानावर छापलंय 'विषमहर्षी'. मथळ्याचा अर्धा खर्च वाचला.

पुढाऱ्यांनी समितीचा राजीनामा दिला. म्हणाले, "माझ्या आतला कार्यकर्ता जागा झाला." इतकी वर्षं गाढ झोपला होता, त्याला उठायला मासे मरावे लागले. कोपऱ्यावरचा न्हावी महिनाभरापूर्वी साहेबांसारखा माणूस होणे नाही म्हणत होता, आज तोच वस्तरा माझ्या गळ्यावर ठेवून विचारत होता, "सर, तुम्ही त्यांचंच पुस्तक लिहिताय ना?" मी मान हलवली नाही. हलवता येण्यासारखी नव्हती.

बाईंचा फोन: "सर, तूर्त थांबू या."

१८ मार्च

एक दार बंद झालं की दुसरं उघडतं. एक प्रकाशक घरी आले. जाड मिशा, जाड आवाज. व्हिजिटिंग कार्डवर नावाआधी 'निर्भीड' छापलंय. त्यांना साहेबांचा बुरखा फाडणारं पुस्तक हवंय, आणि तेही महिन्याभरात, मासे ताजे आहेत तोवर.

"पण माझ्याकडे तर गौरवग्रंथ तयार आहे."

"माहिती तीच ना?"

"तीच."

"मग झालं तर! चव बदला फक्त."

त्या यंत्रात 'शोधा आणि बदला' अशी एक सोय असते, असं हिनं सांगितलं. बसलो दोघं. दूरदर्शी शोधा, कावेबाज करा. करारी शोधा, हेकेखोर करा. काटकसरीचा कंजूष, मितभाषीचा आतल्या गाठीचा, उदारचा क्रूर. भिंतीच्या प्रसंगात पाठ सोलल्याचा भाग घातला आणि 'काढू नका, राहू द्या' गाळलं. एकेचाळीस शब्द. चहा निवायच्या आत देवाचा राक्षस झाला, आणि एकही घटना खोटी लिहावी लागली नाही. भाषेची ताकद म्हणतात ती ही!

माझ्या मनात आलं, आता भाऊजींना जागा होईल. राक्षसाला जितके बळी तितकं बरंच की. प्रकाशकांना फोन करून विचारलं.

"बारावा? त्याच्या चौकशीत चूक त्याचीच निघालीय ना? उगाच कोर्टाचं झेंगट मागे लागेल. अकराच ठेवा सर, अकरा बळी हा आकडा जोरदार आहे."

"पण तुम्ही निर्भीड—"

"निर्भीड म्हणजे वेडे नव्हे."

हिला सांगितलं, की मी प्रयत्न केला, आता माझ्या हातात काही नाही. ही कपाटाकडे बघत बसली होती. नवी साडी घ्यायची असेल.

६ एप्रिल

थोरल्या साहेबांनी काल नदीकाठी उभं राहून, दहा कॅमेऱ्यांसमोर, नदीचं पाणी पेलाभर प्यायलं. डोळे मिटून, एका दमात. मग शाळांना शुद्ध पाण्याची यंत्रं जाहीर केली. पेल्यातलं पाणी नदीचंच होतं का, हे विचारायला तिथं एकही मासा शिल्लक नव्हता.

आजचा मथळा: 'पंचाहत्तरीतला भगीरथ'. न्हाव्याच्या मते आजच्या काळात कोण मालक असं पाणी पिऊन दाखवतो? पुढाऱ्यांनी राजीनामा मागे घेतला. त्यांच्या आतला कार्यकर्ता बहुधा पुन्हा आडवा झाला. निर्भीड प्रकाशक फोन उचलत नाहीत.

बाई म्हणाल्या, "सर, आपलं पुस्तक चालू."

९ एप्रिल

पुन्हा यंत्रापुढे. कंजूष शोधा, काटकसरी करा. एक गंमत झाली. साहेबांचे एक जुने प्रतिस्पर्धी पुस्तकात आहेत, ते पहिल्या खर्ड्यापासून कंजूष होते. परतीच्या वाटेवर तेही काटकसरी झाले. राहू दिलं. त्यांचंही कुणीतरी कौतुक करायला हवंच.

टाइप करता करता ही मध्येच थांबली.

"एक विचारू? विशेषण कशाला लावतात?"

"नामाला. तिसरीतलं पोर सांगेल."

"आणि विशेषण काढून टाकलं तर?"

"तर काही बिघडत नाही. वाक्य उभं राहतं."

"आणि नाम काढलं तर?"

"मग संपलंच. विशेषणं नुसती लोंबकळतात. वाक्य कोसळतं."

"असं होय," ही म्हणाली आणि पुन्हा टाइप करू लागली. मास्तराशी पस्तीस वर्षं संसार केला आणि व्याकरणाची गोडी लागली ती आत्ता. मला भरून आलं.

२ मे

शेवटची मुद्रितं तीन वेळा तपासली. तिन्ही वेळा प्रत्येक पानावर सही आणि तारीख. तीनशे चार पानं आणि एकही चूक नाही. पान ११७ वरची यादीही अक्षर अन् अक्षर ताडून पाहिली: अकरा नावं, खाली तळटीप.

माझ्या कुठल्याच पुस्तकाला आजवर शुद्धिपत्र चिकटलेलं नाही. पुस्तक उघडल्या उघडल्या ती चिठ्ठी दिसते, एका रांगेत 'अशुद्ध', दुसऱ्या रांगेत 'शुद्ध'. म्हणजे लेखकानं आपल्याच थोबाडीत मारून घेतल्याची पावती. ती वेळ माझ्यावर येणार नाही.

ही म्हणाली, "छापखान्याला मी पाठवते. तुम्ही दमलात, पडा जरा." पडलो. छान झोप लागली.

१६ मे

समारंभ थाटात झाला. मला तिसऱ्या रांगेत खुर्ची होती. पुढाऱ्यांनी ग्रंथ दोन्ही हातांनी उंच धरला आणि त्याच्या वजनाची स्तुती केली. दुसऱ्या वक्त्यांनी कागदाची केली. तिसऱ्यांनी ग्रंथ उलटा धरून 'शब्द न् शब्द वाचला' असं सांगितलं. साहेबांना शतायुषी, महामानव, पितृतुल्य असं सगळं म्हणून झालं. यातली दोन विशेषणं मंजूर यादीत नाहीत. बाईंनी नोंद घेतली असेल.

व्यासपीठावर पुस्तक उघडून पानं उलटणारा माणूस एकच होता. खुद्द थोरले साहेब. त्यांना भाषणं ऐकू येत नव्हती, दुसरं करणार काय?

ही आणि ताई मागच्या रांगेत बसल्या होत्या. ताईला बोलावलं कुणी, कळलं नाही. संपल्यावर ती गर्दीतून वाट काढत आली, माझे दोन्ही हात घट्ट धरले आणि रडायलाच लागली. "तू 'बघतो' म्हणालास तेव्हा मला वाटलं, हा काही करायचा नाही. चुकले रे मी."

मी म्हणालो, "चालायचंच." कशाबद्दल, ते घरी येऊन पान ११७ उघडल्यावर समजलं.

बारा नावं आहेत. बारावं भाऊजींचं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, बॉयलर विभाग, सेवा तेवीस वर्षं. पुन्हा मोजली, बाराच.

"अगं, हे कसं आलं?"

"त्या 'शोधा आणि बदला'त झालं असेल काहीतरी."

"त्यात अख्खं नाव कसं येईल?"

"त्या यंत्राला आपण होऊन शब्द सुचतात, असं तुम्हीच म्हणता ना?"

म्हणतो खरा. पहिल्या दिवसापासून म्हणतोय.

१८ मे

सकाळीच बाईंचा फोन. समारंभात पानं उलटताना थोरल्या साहेबांनी विचारलं म्हणे, "हा बारावा कोण?" रागानं विचारलं की कौतुकानं, हे बाईंना सांगता येईना. पण साहेबांनी विचारलं म्हटल्यावर सहावा मजला हादरला.

"सर, आपण एक छोटंसं शुद्धिपत्र चिकटवू. ग्रंथालयांच्या पाचशे प्रती उद्या संध्याकाळी निघायच्या आहेत, सगळ्या छापखान्यातच आहेत. मजकूर सांगते, लिहून घ्या: 'पान ११७ वरील बारावे नाव लेखकाच्या निष्काळजीपणामुळे छापले गेले आहे. वाचकांनी ते वगळून वाचावे.'"

"कुणाच्या?"

"लेखकाच्या."

"अहो बाई, मी निष्काळजी? चौतीस वर्षं... मी तीन वेळा तपासलंय! तारखेसह लेखी आहे माझ्याकडे!"

"माहितीये सर. तुमच्यावर कुणाचा राग नाही. पण कुणाचा तरी निष्काळजीपणा दाखवावा लागतो ना? तुम्ही मजकूर थेट छापखान्यात द्या. तुम्ही दिलेलं आम्ही पुन्हा तपासत नाही, तेवढा विश्वास आहे."

फोन ठेवला. हिच्यापुढे येरझाऱ्या घालत बडबडत होतो. "तीन वेळा! तीन वेळा केलं मी माझं काम, लेखी आहे, तारखा आहेत, आणि तरी निष्काळजी मीच? आणि हे आता पाचशे पुस्तकांत छापून राहणार? माणूस मेल्यावरही लोक तेच वाचणार?"

ही उठली, कपाट उघडलं आणि वही आणून माझ्यासमोर ठेवली. पान उघडूनच ठेवलं.

'झडप आडकते. वर कळीवले.' तीन वेळा, तारखांसह. आणि त्यावर माझ्या लाल पेनाच्या तीन रेघा.

या वहीत मला चूक दिसली होती ती काना-वेलांटीची. एक माणूस आपलं मरण तीन वेळा लिहून वर कळवत होता, आणि त्याला वरून कुणी उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं ते मी, दोन वर्षांनी, शुद्धलेखन तपासून. मला माझी शरम वाटली. रडलो. इथे लिहायलाही लाज वाटते, पण लिहितो.

साहेबांनी विचारलं होतं, नाव काय त्याचं? मला येत होतं ते नाव. खोली मोठी आहे म्हणून मी ते विसरलो.

या पानाचं सुवचन: 'जबाबदारी घेतो तोच मोठा.' कुणी घ्यायची, ते दिलेलं नाही.

१९ मे

सकाळी दहाला छापखान्यात स्वतः मजकूर देऊन आलो. इथे उतरवून ठेवतो.

'शुद्धिपत्र. पान ११७. यादीतील बाराही नावे बरोबर आहेत. तळटीपेत पुढील दुरुस्ती करावी. अशुद्ध: कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. शुद्ध: "झडप आडकते. वर कळीवले." (बॉयलर विभागाची नोंदवही, बाराव्या कामगाराच्या हस्ताक्षरात, एकाच महिन्यात तीन वेळा.) ग्रंथातील विशेषणांत दुरुस्ती नाही. ती वाचकांनी आपापल्या सोयीने बदलून घ्यावीत.'

खाली माझी सही.

आता सहाव्या मजल्यावरून मला काय काय म्हणतील, त्याची यादी करून ठेवली आहे. कृतघ्न, विकलेला, म्हातारचळ लागलेला. पुढारी मला पुन्हा साथी म्हणतील, महिनाभर. न्हावी काय म्हणेल ते वर्तमानपत्र बघून ठरेल. ताईला अजून काही सांगितलेलं नाही. उद्या वही परत द्यायला जाईन तेव्हा लाल रेघा दाखवाव्या लागतील. त्या पुसल्या जात नाहीत, मी प्रयत्न करून पाहिला.

त्या यंत्राला मी आजवर फार नावं ठेवली. हिला म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा त्याला बरोबर शब्द सुचला, आभार मानायला हवेत. ही म्हणाली, "पोचवते." चहात आज साखर होती.

दुपारी छापखान्यातून फोन आला. जुळणी करणारे गृहस्थ माझेच विद्यार्थी, मधल्या बाकावरचे.

"सर, विचारू की नको असं झालंय. चिठ्ठीत दोन चुका आहेत. 'आडकते'ला काना जास्त पडलाय आणि 'कळवले'चं 'कळीवले' झालंय. शुद्धिपत्रातच अशुद्ध, लोक हसतील सर. करून घेऊ का दुरुस्त?"

"हात लावू नकोस," मी म्हणालो. "त्यांना एकदा परत पाठवलं होतं मी, अक्षर दुरुस्त करायला. आता नाही."

त्याला काही समजलं नसावं. 'बरं' म्हणाला आणि मशीन सुरू केल्याचा आवाज आला.